क्लाउडवरचा पहिला व्हर्च्युअल सर्व्हर: नवख्या माणसाने सहा महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

सहा महिने झाले मी एका क्लाउड कंपनीचा व्हर्च्युअल सर्व्हर वापरतोय, म्हणजे ज्याला सगळे व्हीपीएस म्हणतात तो, कंपनीच्या मोठ्या मशीनचा इंटरनेटवरून वापरायचा भाड्याचा तुकडा, आणि हे लिहायला बसलो कारण घेण्याआधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यात रॅम किती, डिस्क किती फास्ट, डेटा किती मिळतो एवढंच होतं. सर्व्हर हातात आल्यावर पहिल्या दिवशी नक्की काय होतं, तो सुरक्षित करताना ही सर्व्हिस नवीन माणसाला कुठे साथ देते आणि कुठे हात सोडते, हे कुणी लिहिलंच नव्हतं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण थोड्याफार फरकाने बहुतेक ठिकाणी प्रकार असाच आहे आणि मला जे सांगायचंय ते कुणाकडूनही सर्व्हर घेताना उपयोगी पडेल.

माझी गरज साधी होती. एक छोटी साइट, नोट्स ठेवायला एक अ‍ॅप, आणि लिनक्स नीट शिकायची इच्छा. एक कोअर, १ जीबी रॅम, २५ जीबी डिस्क असा सगळ्यात छोटा प्लॅन घेतला, उबुंटू २४.०४ निवडलं (हे एलटीएस आहे म्हणजे पाच वर्षं म्हणजे २०२९ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येत राहतात, नवीन माणसाने एलटीएसच घ्यावं), आपल्याला जवळ पडेल तो रीजन टिक केला आणि बटण दाबलं. एका मिनिटात सर्व्हर तयार. इथपर्यंतचा अनुभव खरंच छान आहे, पॅनल स्वच्छ आहे, कुठे काय आहे ते शोधावं लागत नाही.

आता पहिली तक्रार, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. सर्व्हर बनवताना लॉगिन कसं करणार हे विचारतात, पासवर्डने का एसएसएच कीने (एसएसएच म्हणजे लांबच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत, की म्हणजे किल्लीसारखी फाइल), आणि पासवर्ड हा पर्याय आधीपासूनच टिक केलेला असतो. मी तो तसाच ठेवला, सगळेच ठेवतील. रूटचा, म्हणजे सर्व्हरवर सगळे अधिकार असलेल्या युजरचा, पासवर्ड ईमेलने आला, मी लॉगिन केलं, पॅकेजेस अपडेट केली, अर्धा तास इकडेतिकडे बघत होतो आणि सहज म्हणून ऑथ लॉग (लॉगिनच्या प्रयत्नांची नोंदवही) उघडून बघितला तर स्क्रीन भरून "फेल्ड पासवर्ड" च्या ओळी वर सरकत होत्या. रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, पोस्टग्रेस, ओरॅकल अशी एकामागोमाग एक नावं वापरून कुणीतरी आत यायचा प्रयत्न करत होतं. तेव्हा त्या सर्व्हरवर माझी एकही फाइल नव्हती, त्याचा पत्ता मी कुणालाही सांगितला नव्हता. मी खरंच घाबरलो, पोटात गोळा आला. नंतर कळलं की हे माझ्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही, इंटरनेटवरचे आयपी पत्ते ओळीने तपासत जाणारे बॉट चोवीस तास चालू असतात आणि २२ नंबरचं पोर्ट (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं नंबर असलेलं दार, २२ हे एसएसएचचं) उघडं दिसलं की ठोकायला लागतात. पण मग ज्या कंपनीला हे रोज दिसतं तिने नवीन माणसाला पासवर्डचा पर्याय आधी का द्यावा? की चा पर्याय आधी ठेवा, पासवर्ड हवा असेल त्याला शोधू द्या. एवढा एक बदल केला तरी कितीतरी लोकांचे सर्व्हर वाचतील.

की म्हणजे काय हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं म्हणून ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या कॉम्प्युटरवर एका कमांडने दोन फाइल बनतात, एक प्रायव्हेट आणि एक पब्लिक. पब्लिक फाइल म्हणजे समजा कुलूप, ते कुणालाही द्या, कितीही सर्व्हरना लावा. प्रायव्हेट म्हणजे किल्ली, ती आपल्या मशीनवरून कधीच बाहेर जात नाही, लॉगिन करतानासुद्धा जात नाही, फक्त किल्ली आपल्याकडे आहे हे गणिताने सिद्ध होतं. बनवताना ईडी२५५१९ हा प्रकार घ्या, छोटी असते आणि मजबूत असते, आणि पासफ्रेज (किल्लीचा पासवर्ड) विचारेल तेव्हा रिकामं ठेवून एंटर मारू नका, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी किल्ली लगेच कुणाच्या कामाची राहत नाही. पॅनलमध्ये पब्लिक की एकदा चिकटवून ठेवली की पुढच्या प्रत्येक नवीन सर्व्हरला ती टिक करता येते, ही सोय एकदम मस्त आहे.

मी तो पहिला सर्व्हर पुसून पुन्हा बनवायचं ठरवलं. पॅनलमध्ये रीबिल्डचं बटण आहे, आयपी तोच राहतो आणि आतलं सगळं नवीन होतं. नंतर लॉगिन करायला गेलो तर टर्मिनलवर मोठ्या अक्षरांत इशारा, की समोरच्या मशीनची ओळख बदलली आहे, मध्ये कुणीतरी बसून तुमचं ऐकत असेल. हे वाचून बरेच जण जुनी नोंद काढून टाकतात आणि पुढे जातात. मी थांबलो आणि ते बरं झालं, कारण त्यामुळे एक चांगली गोष्ट कळली. ब्राउझरमधून जो कन्सोल उघडतो त्यात पहिल्या बूटच्या वेळी सर्व्हर स्वतःच्या होस्ट कीचे (सर्व्हरची ओळख पटवणारी की) फिंगरप्रिंट, म्हणजे त्या कीची छोटी खूण, छापतो. ते आणि टर्मिनलवर दिसणारं फिंगरप्रिंट अक्षर न् अक्षर जुळवून बघितलं, जुळलं, मगच जुनी नोंद काढली आणि यस टाइप केलं. दोन मिनिटांचं काम आहे पण पहिल्यांदा कनेक्ट करताना समोर आपलाच सर्व्हर आहे हे नक्की करायचा हाच खरा मार्ग आहे. कंपनीने हे फिंगरप्रिंट पॅनलच्या पहिल्या पानावरच दाखवायला हवं होतं, कन्सोलमध्ये वर स्क्रोल करून शोधायला लागू नये.

त्यानंतर सगळे सांगतात तसं स्वतःच्या नावाचा युजर बनवला, त्याला सुडो (गरज पडली की रूटचे अधिकार वापरायची परवानगी) दिलं, रूटच्या फोल्डरमधून की ची फाइल त्याच्या फोल्डरमध्ये कॉपी केली. लॉगिन होईना. "परमिशन डिनाइड, पब्लिक की" एवढंच म्हणतोय. तासभर गेला. कॉपी रूटने केली होती म्हणून फाइलची मालकी रूटकडेच राहिली होती, मालकी बदलली, फोल्डरला ७०० आणि फाइलला ६०० परमिशन (म्हणजे मालकाशिवाय कुणाला उघडता येत नाही अशी) दिली की लगेच आत. ह्या सगळ्या वेळात रूटची जुनी खिडकी उघडी ठेवली होती म्हणून काही बिघडलं नाही. लॉगिनच्या सेटिंगला हात लावताना एक खिडकी उघडीच ठेवायची आणि दुसऱ्या खिडकीतून आत येता येतंय हे बघितल्याशिवाय पहिली बंद करायची नाही, ही सवय तिथे लागली.

मग रूटचं लॉगिन बंद केलं, पासवर्डने लॉगिन बंद केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, आणि माझ्या मते काम झालं होतं. झालं नव्हतं. दुसऱ्या एका कॉम्प्युटरवरून, जिथे माझी की नाहीये, सहज प्रयत्न केला तर सर्व्हरने पासवर्ड विचारला! खरं तर त्याने पासवर्ड न विचारता थेट नकार द्यायला पाहिजे होता. मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये "नो" स्पष्ट लिहिलेलं दिसतंय तरी चालत नाही म्हणजे काय. शेवटी सापडलं की मुख्य फाइलच्या अगदी वरच एक इन्क्लूडची ओळ असते, ती शेजारच्या फोल्डरमधल्या छोट्या छोट्या फाइल आधी वाचते, त्यातली एक फाइल, नावात ५० आणि क्लाउड-इनिट असलेली, सर्व्हर बनताना आपोआप तयार झाली होती आणि तिच्यात "यस" लिहिलेलं होतं. आणि एसएसएचचा नियम असा की एखादी सेटिंग पहिल्यांदा जिथे सापडेल तीच धरायची, नंतर खाली काहीही लिहा. बहुतेक प्रोग्रॅममध्ये शेवटचं लिहिलेलं चालतं, इथे पहिलं चालतं. म्हणजे मी सगळं बरोबर करूनसुद्धा दार उघडंच होतं आणि मला कळायचा काही मार्ग नव्हता. कंपनीच्या स्वतःच्या मदत लेखात ह्या फाइलचा उल्लेख नाही, मी त्यांना कळवलं, अजून तरी लेख बदललेला नाही. तुम्ही करत असाल तर फाइलवर विश्वास ठेवू नका, एसएसएचडीला कॅपिटल टी देऊन चालवलं की शेवटी कुठल्या सेटिंग लागू आहेत त्याची पूर्ण यादी मिळते, ती बघा, आणि की नसलेल्या मशीनवरून एकदा ठोठावून बघा.

आता फायरवॉल, म्हणजे कुठल्या पोर्टवरून आत येऊ द्यायचं ते ठरवणारा पहारेकरी. इथे दोन आहेत, एक पॅनलमधला जो सर्व्हरच्या बाहेर बसतो आणि एक सर्व्हरच्या आतला युएफडब्ल्यू. मी आतल्यापासून सुरुवात केली आणि ओपनएसएसएचला (सर्व्हरवर एसएसएच चालवणारा प्रोग्रॅम) परवानगी द्यायच्या आधीच तो चालू केला. चालू करताना तो विचारतो की चालू एसएसएच कनेक्शन तुटू शकतं, पुढे जायचं का, मी हो म्हटलं, आणि माझी खिडकी नीट चालत राहिली. म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे. खरं कारण असं की आधीपासून जोडलेलं कनेक्शन तो सहसा तोडत नाही, फक्त नवीन कुणाला आत घेत नाही. रात्री लॅपटॉप बंद केला, सकाळी उघडला आणि लॉगिन करायला गेलो तर काहीच नाही, कर्सर नुसता लुकलुकतोय, शेवटी टाइम आउट. नकारसुद्धा नाही. नुसती शांतता असेल तर बहुतेक वेळा फायरवॉल असतो, "रिफ्यूज्ड" आलं असतं तर सर्व्हिस बंद आहे असं समजलो असतो, हा फरक मी त्या सकाळी शिकलो.

आणि इथेच ह्या सर्व्हिसने मला वाचवलं. पॅनलमधल्या कन्सोलचं बटण दाबलं, ब्राउझरमध्ये काळी स्क्रीन उघडली, जणू त्या मशीनला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडून समोर बसलोय. हा रस्ता एसएसएचचा नाही म्हणून नेटवर्कचा फायरवॉल त्याला अडवत नाही. पण इथे की चालत नाही, पासवर्डच लागतो, आणि नशिबाने युजर बनवताना मी त्याला लांबलचक पासवर्ड दिलेला होता. तो पेस्ट होईना. हाताने टाइप केला तर चुकीचा. पुन्हा केला, पुन्हा चुकीचा. मग लक्षात आलं की कन्सोलमधला कीबोर्ड लेआउट वेगळा आहे, अ‍ॅट द रेट आणि कोट ह्यांच्या जागा बदलल्यात, युजरनेमच्या जागी एकेक चिन्ह टाइप करून कुठलं बटण काय छापतं ते बघून घेतलं आणि चौथ्या वेळी आत गेलो. ओपनएसएसएचला परवानगी दिली, लॅपटॉपवरून लॉगिन केलं, झालं. पूर्ण वीस मिनिटं. हा कन्सोल नसता तर सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून करायला लागलं असतं. म्हणून कुणी मला विचारलं की कुठली कंपनी घेऊ तर मी रॅम आणि डिस्क नंतर बघा म्हणतो, आधी बघा की स्वतःच्या चुकीने बाहेर अडकलात तर परत आत यायचा रस्ता देतात का, तो फुकट आहे का, आणि घेतल्याच्या पहिल्या दिवशी, सगळं नीट चालू असतानाच, तो कन्सोल उघडून एकदा लॉगिन करून बघा.

बाहेरच्या फायरवॉलचं महत्त्व मला डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) टाकल्यावर कळलं. एका कंटेनरमध्ये डेटाबेस चालवला, पोर्ट जोडलं, युएफडब्ल्यूचं स्टेटस बघितलं तर २२, ८० आणि ४४३ (शेवटची दोन वेबसाइटची) सोडून सगळं बंद. तरी बाहेरून डेटाबेसचं पोर्ट उघडं! डॉकर पोर्ट जोडताना स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या आतल्या मूळ फायरवॉल नियमांत) लिहितो आणि ती वाहतूक युएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जाते. हे डॉकरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे पण नवीन माणूस ते आधी कुठे वाचतो. उपाय म्हणजे पोर्ट जोडताना १२७.०.०.१ पुढे लिहायचं म्हणजे ते फक्त त्या मशीनच्या आतूनच दिसतं, आणि शिवाय पॅनलमधला फायरवॉल चालू ठेवायचा, कारण तो सर्व्हरच्या बाहेर असल्यामुळे आत डॉकर काय करतोय ह्याच्याशी त्याचा संबंधच नाही. हा फायरवॉल इथे फुकट आहे आणि वापरायला सोपा आहे, पूर्ण मार्क. फक्त मी उत्साहात त्यात ८० पण बंद केलं होतं, साइट तर ४४३ वर चालते म्हणून, आणि मग साइटला एचटीटीपीएस देणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट रिन्यू होईना. ते ९० दिवसांचं असतं आणि ते आणणाऱ्या सर्टबॉट प्रोग्रॅमची जी नेहमीची पद्धत आहे ती तपासणीसाठी ८० वरूनच येते. ८० उघडं ठेवा.

पोर्ट २२ बदलून दुसरं ठेवा असं बरेच जण सांगतात. मी बदललं नाही. लॉगमधला गोंगाट कमी होतो हे खरं, पण पासवर्ड बंद असेल तर त्या ठोकण्याने काही होत नाही आणि पासवर्ड चालू असेल तर पोर्ट बदलून तुम्ही वाचणार नाही. त्यातून उबुंटू २४.०४ मध्ये एसएसएच सॉकेटवरून सुरू होतं (पोर्टवर सिस्टमडी, म्हणजे सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्रॅम, कान देऊन बसतो), म्हणजे फाइलमध्ये पोर्ट बदलून नुसती सर्व्हिस रीस्टार्ट केली तर बदल लागूच होत नाही, आधी सिस्टमडी रीलोड करून मग तो सॉकेट रीस्टार्ट करावा लागतो, आणि नवीन माणूस इथे हमखास अडकतो. (हे २२ कुठून आलं हे मला खूप आवडलं म्हणून सांगतो, १९९५ मध्ये हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कुणीतरी लोकांचे पासवर्ड चोरून ऐकले, तेव्हा तिथल्या टाटू य्लोनेन ह्यांनी एसएसएच लिहिलं, आणि एफटीपीचं (फाइल पाठवायची जुनी पद्धत) २१ आणि टेलनेटचं (लॉगिनची जुनी पद्धत) २३ ह्यांच्या मधला मोकळा २२ नंबर मागून घेतला.) फेलटूबॅन मात्र टाकलंय, मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटांत पाच वेळा चुकलं की दहा मिनिटं त्या आयपीला बंदी, तेवढं पुरतं.

अपडेटचं सांगायचं तर उबुंटू सिक्युरिटी अपडेट आपोआप टाकतं, पण कर्नल (सिस्टमचा गाभा) बदलला की रीस्टार्ट आपणच करायचा, लॉगिन केल्यावर तशी ओळ दिसते. ती महिनोन्महिने बघून न बघितल्यासारखी करू नका. २०२४ च्या जुलैमध्ये ओपनएसएसएचमध्येच एक मोठी त्रुटी जाहीर झाली होती, लॉगिन न करता बाहेरून रूटपर्यंत पोचायची शक्यता असलेली, म्हणजे दाराचं कुलूप कितीही चांगलं असलं तरी कधीतरी चौकटच दुरुस्त करावी लागते.

ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते म्हणजे क्लाउडचं अकाउंट. सर्व्हरला एवढी कुलपं लावली पण पॅनलमध्ये जो शिरेल तो रूटचा पासवर्ड रीसेट करू शकतो, स्नॅपशॉट (पूर्ण सर्व्हरची कॉपी) घेऊन दुसरीकडे उघडू शकतो, सगळं डिलीट करू शकतो, आणि जो कन्सोल मला वाचवतो तोच त्यालाही उघडतो. टू फॅक्टर इथे आहे, ऑथेंटिकेटर अ‍ॅपने चालतं, पण सक्तीचं नाही, सेटिंगमध्ये तीन पानं आत आहे. पहिल्या दिवशी चालू करा आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा, फोन हरवला तर तोच कागद लागतो.

बॅकअप आठवड्यातून एकदा आपोआप होतो, त्याचे थोडे जास्तीचे पैसे आहेत आणि ते द्यावेत. मी एकदा मुद्दाम बॅकअपवरून नवीन सर्व्हर उभा करून बघितला, सात-आठ मिनिटांत साइट सुरू, फक्त आयपी नवीन मिळतो त्यामुळे डीएनएस (साइटच्या नावाला आयपी जोडणारी नोंद) बदलायला लागतं. पण हे बॅकअप त्याच अकाउंटमध्ये असतात हे लक्षात ठेवा, अकाउंट गेलं की दोन्ही गेले, म्हणून मी डेटाबेसची एक कॉपी रोज रात्री घरच्या डिस्कवर ओढून घेतो.

दुसरी तक्रार बिलाची. शिकण्यासाठी मी दुसरा एक सर्व्हर बनवला होता, काम झाल्यावर पॅनलमधून बंद केला, म्हणजे पॉवर ऑफ, आणि महिन्याच्या शेवटी त्याचं पूर्ण बिल आलं. बंद असला तरी जागा आणि आयपी तुमच्या नावावर राखलेले असतात म्हणून पैसे लागतात, डिस्ट्रॉय केल्यावरच मीटर थांबतो. नियम म्हणून समजू शकतो मी, पण ऑफच्या बटणाशेजारी तशी एक ओळ लिहायला काय हरकत होती? सपोर्टला लिहिलं, पाच तासांनी सभ्य उत्तर आलं, नियमांच्या पानाची लिंक दिली, पैसे परत नाहीत. आता ठरावीक रकमेच्या वर बिल गेलं की ईमेल येईल असा अलर्ट लावून ठेवलाय. एकंदर सपोर्ट नम्र आहे पण सर्व्हरच्या आतलं काहीही विचारलं की ती तुमची जबाबदारी असं स्पष्ट सांगतात, आणि ते घेतानाच लिहिलेलं असतं. ज्यांना फक्त ब्लॉग चालवायचाय, हे सगळं शिकायला वेळ नाहीये, त्यांनी मॅनेज्ड होस्टिंग (ज्यात सर्व्हर कंपनीच सांभाळते) घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. शिकायचंय त्यांनी नक्की घ्या. १ जीबी रॅममध्ये काही बिल्ड करायला घेतलं की मेमरी संपून प्रोसेस मारली जाते, २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करून घ्या, त्यानंतर मला त्रास झाला नाही. सहा महिन्यांत सर्व्हर एकदाच खाली गेला, त्यांच्या मेंटेनन्ससाठी, आणि ते आठवडाभर आधी कळवलं होतं.

पाचपैकी चार तारे. कन्सोल, बाहेरचा फायरवॉल आणि बॅकअप ह्या तिन्हीसाठी मनापासून चार. पाचवा त्या आधीपासून टिक केलेल्या पासवर्डच्या पर्यायासाठी राखून ठेवलाय, तो बदलला की मी इथे येऊन देईन.